विशीतला दमसास

‘दम’ या एवढ्याशा शब्दाला आपल्या भाषेत किती कामे करावी लागतात! वडीलधारी माणसे दम देतात, शहाणी माणसे दम धरतात, चढण चढताना आपण मध्येच थांबून दम खातो, म्हातारपणी दम लागतो, आणि जत्रेच्या कुस्तीत एखादा पोरगा शेवटपर्यंत टिकला की बघणारे म्हणतात, ‘पोरात दम आहे.’ प्रस्तुत लेखाचा विषय हा शेवटच्या अर्थाचा दम. बराच वेळ पळताना, चालताना, ओझे वाहताना शरीराला लागणारा प्राणवायू पुरवत राहण्याची हृदय, फुप्फुसे, रक्त आणि स्नायू यांची जी एकत्रित ताकद, तिला पाठ्यपुस्तकांत ‘हृदय-श्वसनक्षमता’ असे लांबलचक नाव आहे. मला आपला ‘दमसास’ हा जुना शब्द अधिक बरा वाटतो. त्यात दमही आहे आणि श्वासही.

हा विषय मी का निवडला, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. आमच्या इंदापूर तालुक्यात, आणि बारामतीतही, अठरा ते पंचवीस वयाच्या मुलामुलींपुढे दमसासाचा प्रश्न पोटाचा प्रश्न म्हणून उभा आहे. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत पन्नास गुण असतात. त्यांपैकी वीस गुण एकट्या लांब धावण्याचे : मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. सैन्यभरतीच्या मैदानी चाचणीतही धावणे असतेच. नीरा डाव्या कालव्याच्या भरावावरून पहाटे पाचला पळणारी पोरे पाहिली, की त्यांच्यामागे किती घरांचे डोळे लागले आहेत ते कळते. आणि त्याच भरावावर एक मत हमखास ऐकू येते : ‘दम रक्तातच असावा लागतो. ज्याच्यात आहे त्याच्यात आहे, ज्याच्यात नाही त्याच्यात नाही.’ हे मत कितपत खरे आहे? मी कला शाखेची, माझे विज्ञान दहावीपाशी थांबलेले. घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच, त्यामुळे घरी विचारायचीही सोय नाही. आमचे शारीरिक शिक्षणाचे सर आणि ग्रंथालयातील काही इंग्रजी पुस्तके, शेजारी शब्दकोश ठेवून, यांच्या आधारे जे समजले ते मांडते.

प्रथम थोडे गणित. निवांत बसलेल्या तरुण माणसाचे हृदय मिनिटाला साधारण ७० ठोके देते आणि प्रत्येक ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलते. म्हणजे मिनिटाला जवळजवळ पाच लिटर. अंगातले सगळे रक्तही साधारण तेवढेच. म्हणजे आपण झाडाखाली बसलो असताना अंगातले सगळे रक्त मिनिटाला एक फेरी पूर्ण करते. आता तोच तरुण जीव तोडून पळू लागला, की ठोके २०० पर्यंत जातात आणि प्रत्येक ठोक्याचे रक्त वाढून १०० मिलिलिटरच्या आसपास येते : मिनिटाला वीस लिटर. कसलेल्या धावपटूचे हृदय हाच आकडा तीस लिटरच्या पुढे नेते. गंमत अशी, की धावपटूचे जास्तीत जास्त ठोके काही तुमच्याआमच्यापेक्षा अधिक नसतात. ते बहुतांशी वयावर ठरतात. फरक पडतो तो एका ठोक्याच्या मापात. सरावाने हृदयाचा डावा कप्पा मोठा व लवचिक होतो, अंगातले रक्त वाढते, आणि एका ठोक्यात अधिक रक्त जाते. म्हणूनच बसल्या वेळी त्याला ७० ठोक्यांची गरज उरत नाही. ५० ठोके आणि दर ठोक्याला १०० मिलिलिटर, तरी तेच पाच लिटर. विहिरीवर मोट ओढायच्या काळी मोठी मोट असली की खेपा कमी लागत, तसेच हे. आमच्या आज्जीला मी हे असे सांगितले तेव्हा तिला ते लगेच कळले. मला मात्र ते पुस्तकातून कळायला दोन दिवस लागले होते.

रक्त पोचले म्हणजे काम झाले असे नाही. रक्तातल्या तांबड्या पेशींत प्राणवायू किती भरला आहे, आणि पायाच्या स्नायूंना तो किती उचलून घेता येतो, यावर पुढचे अवलंबून. या सगळ्या साखळीचे एकच माप शास्त्रज्ञांनी ठरवले : शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते. ए. व्ही. हिल या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२३ च्या सुमारास स्वतः पळून, तोंडाला नळी आणि पाठीला पिशवी बांधून, ही मर्यादा दाखवून दिली. वजनाच्या दर किलोला मिनिटाला इतके मिलिलिटर, असे ते माप सांगतात. अमेरिकेतील डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये त्यासाठी बिनखर्चाची युक्ती काढली. बारा मिनिटांत जितके मीटर पळाल, त्यातून ५०५ वजा करायचे आणि ४५ ने भागायचे. (मूळ सूत्रात दशांश आहेत, कामापुरते हे चालते.) बारा मिनिटांत २४०० मीटर जाणाऱ्याचे उत्तर ४२ येते, १८०० मीटर जाणाऱ्याचे २९. पहिला तरुण बरा म्हणायचा. दुसऱ्याला जिना चढतानाही आपले वय आठवेल.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. विशीतला हा दमसास कशावर ठरतो?

या बाबतीत मला सर्वांत बोलका वाटलेला प्रयोग १९६६ साली अमेरिकेतील डॅलस शहरी झाला. पाच तरुण निवडले; सगळे विशीच्या आसपासचे, म्हणजे आपल्याच वयाचे. त्यांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवले. आजार कसलाही नव्हता, नुसते पडून राहणे. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता आधी सरासरी मिनिटाला ३.३ लिटर होती, ती उठवले तेव्हा २.४ लिटरवर आली. शंभरातले सत्तावीस-अठ्ठावीस भाग तीन आठवड्यांत गेले! मग त्यांना आठ आठवडे कसून पळवले, तेव्हा ती ३.९ वर गेली. पण खरी गोष्ट पुढे आहे. तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, त्याच पाच जणांना पुन्हा बोलावले. आता ते पन्नाशीचे गृहस्थ, वजने वाढलेली. त्यांची क्षमता भरली २.९ लिटर. म्हणजे तीस वर्षांच्या वयाने जेवढे नेले नाही, त्याहून अधिक विशीतल्या तीन आठवड्यांच्या लोळण्याने नेले होते. आणि सहा महिन्यांच्या बेताच्या व्यायामाने ते पुन्हा तरुणपणीच्या मूळ आकड्यापाशी येऊन पोचले. पाच माणसे म्हणजे फार लहान संख्या, हे खरे. पण त्याच पाच माणसांचा माग तीस वर्षे ठेवणे ही चिकाटी मला विलक्षण वाटते.

यावरून एक गोष्ट उघड होते. दमसास ही पेटीत ठेवायची वस्तू नव्हे. तो रोज मिळवायचा आणि न मिळवल्यास रोज थोडा गमवायचा असतो. सराव पूर्ण थांबवला तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच घसरण सुरू होते, कारण सर्वांत आधी वाढलेले रक्त कमी होते, आणि मोट पुन्हा लहान होते. कालव्यावरच्या मुलांकडे पाहून मला हेच वाटते. भरतीची जाहिरात आली की चार महिने पळायचे, अंगठ्याची नखे काळी होईपर्यंत पळायचे. यादीत नाव नाही आले की बूट खुंटीला. पुढची जाहिरात कधी येईल याचा भरवसा नाही. दोन वर्षांनी आली, की पुन्हा शून्यापासून. आमच्या दादाने असे तीनदा केले. तिसऱ्या वेळी वयाची अट आडवी आली. आज तो उसाचा ट्रॅक्टर चालवतो, आणि पोट सुटले म्हणून स्वतःच हसतो. त्याच्या पळण्याला कुणी दम म्हणत होते तेव्हा तो खरोखर दमदार होता. पण तो दम भरतीपुरता होता, आयुष्यापुरता कुणी त्याला शिकवला नाही.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच रस्त्यावर दरसाल दिसते. तुकोबांची पालखी बारामतीहून निघाली, की काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते, मग बेलवाडीला गोल रिंगण, पुढे निमगाव केतकी, इंदापूर, सराटी. देहू ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास वाट. त्यात साठी ओलांडलेल्या, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया बेलवाडीच्या रिंगणात धावतातसुद्धा! मी त्यांच्यातल्या काहींना विचारले, की एरवी काय करता. उत्तर एकच : ‘एरवी काय, शेतात जातो की चालत.’ वारी त्यांना दम देत नाही. वर्षभराच्या चालण्याने आलेला दम त्या वारीला घेऊन येतात. जे एरवी मोटारसायकलशिवाय दुधाच्या डेअरीपर्यंतही जात नाहीत, त्यांचे पाय दोन मुक्कामांतच फोडांनी भरतात.

पण मग रक्तातल्या दमाचे काय? ते मत अगदीच खोटे नाही, आणि येथे मुद्दा जरा अवघड आहे. अमेरिका व कॅनडातील संशोधकांनी ‘हेरिटेज’ नावाचा एक मोठा अभ्यास केला. व्यायाम न करणाऱ्या कुटुंबांतील आईबाप आणि तरुण मुले अशी शेकडो माणसे घेतली आणि सर्वांना वीस आठवडे एकाच पद्धतीचा व्यायाम दिला. सरासरीने सर्वांची क्षमता वाढली. पण कुणाची जवळजवळ काहीच नाही, तर कुणाची मिनिटाला एक लिटरने. आणि हा फरक घराण्या-घराण्यांत दिसला. व्यायामाचा गुण किती येतो यातील जवळजवळ निम्मा फरक घराण्याशी निगडित आहे, असा अंदाज त्यांनी काढला. म्हणजे एकाच भरावावर, एकाच वेळी, तेवढेच पळणाऱ्या दोन मित्रांपैकी एक पुढे जातो आणि दुसरा मागे राहतो, यात दुसऱ्याचा आळस असतोच असे नाही. ही गोष्ट आपल्याकडच्या अनेक प्रशिक्षकांनी ऐकायला हवी. तथापि, ज्यांना कमी गुण येतो त्यांनी व्यायाम वाढवला, तर त्यांनाही गुण येतो, असे नंतरच्या प्रयोगांत दिसले. घराणे वेग ठरवते. रस्ता बंद करीत नाही.

आणि रक्तात काय आहे हे पळून पाहिल्याशिवाय कळणार तरी कसे? अविनाश साबळे बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडव्याचा. आईवडील वीटभट्टीवर काम करणारे. लहानपणी शाळा सहा किलोमीटर, तीही कधी चालत, कधी पळत. बारावीनंतर तो सैन्यात गेला. शर्यतींसाठी खरा सराव त्याने विशीत, पलटणीत असताना सुरू केला. पुढे २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने तीन हजार मीटर स्टीपलचेस शर्यतीत रौप्यपदक मिळवले, २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, आणि २०२४ च्या जुलैत पॅरिसला ८ मिनिटे ९.९१ सेकंद असा राष्ट्रीय विक्रम केला. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातील मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये त्याच शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली. मांडवे काय किंवा मोही काय, दोन्ही आपल्यासारखीच पर्जन्यछायेतली गावे. यांच्यासारखे रक्त आणखी किती घरांत न पळताच म्हातारे होत असेल, हा विचार मनात येतो.

रक्ताच्याही आधीची एक पायरी आहे, आणि तिच्याविषयी वाचताना मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते. आपल्याच पुणे जिल्ह्यातील सहा गावांत १९९३ पासून पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी गर्भवती मातांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास करीत आले आहेत. त्या गावांतील बाळांचे सरासरी वजन जन्मतः सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे हडकुळी. पण त्यांच्यात स्नायू कमी असले तरी चरबी मात्र त्या मानाने राखलेली. बाहेरून बारीक, आतून जाड. याच अभ्यासात असेही दिसले, की गरोदरपणी शेतात आणि घरात जड कामे करणाऱ्या मातांची बाळे अधिक लहान जन्मली. आणि ज्यांच्या जेवणात पालेभाजी, फळे व दूध वरचेवर होते त्यांची बाळे मोठी. हृदयाच्या स्नायूतील पेशी बहुतेक जन्माच्या सुमारासच ठरून जातात, पुढे त्यांची संख्या फारशी वाढत नाही, आकार वाढतो. तेव्हा मातेच्या पोटातील उपासमार थेट मोटेच्या कातड्यापर्यंत पोचते. स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या तपासणीला आलेल्या अठरा वर्षांच्या मुलांच्या लाखो नोंदी पाहिल्या, तेव्हा जन्मतः वजन जितके कमी तितकी तरुणपणी सायकल चालवण्याची ताकद थोडी कमी, असे आढळले.

मी जन्मले तेव्हा सव्वादोन किलोची होते. आई सातव्या महिन्यापर्यंत लोकांच्या उसात खुरपणीला जात होती. हे मी तिला दोष देण्यासाठी लिहीत नाही. त्या वर्षी पाऊस नव्हता आणि घरात दुसरी मजुरी नव्हती. मी हे वाचून दाखवल्यावर ती एवढेच म्हणाली, ‘मग आता काय करायचं गं?’ प्रश्न रास्त आहे. स्वीडनच्या आकड्यांत जन्मवजनामुळे पडणारा फरक खरा असला तरी लहान आहे. डॅलसच्या तरुणांनी आठ आठवड्यांत जेवढे कमावले त्यापुढे तो किरकोळ म्हणावा असा. तेव्हा तिला मी सांगितले, की मला पळायचे आहे. त्यावर : ‘पळून पोट भरतं व्हय?’ पण दुसऱ्या दिवसापासून तिने मला पहाटे उठवायला सुरुवात केली, हेही नमूद केले पाहिजे.

आता मुलींच्या दमसासाविषयी स्वतंत्र लिहिणे भाग आहे, कारण तो ठरवणाऱ्या दोन गोष्टी मुलांच्या वाट्याला सहसा येत नाहीत. पहिली रक्ताची, अगदी शब्दशः. तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन या द्रव्याचा एक ग्रॅम १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहून नेतो. शंभर मिलिलिटर रक्तात १४ ग्रॅम हिमोग्लोबिन असेल तर प्राणवायू मावतो १८.८ मिलिलिटर, १० ग्रॅम असेल तर १३.४. वजाबाकी करून पाहा : शंभरातले २८ भाग गेले. डॅलसच्या तरुणांचे तीन आठवडे झोपून जेवढे गेले, बरोबर तेवढ्याच मापाची ही तूट, आणि ती घेऊन आपल्या मुली दिवसभर उभ्या असतात. प्रत्यक्षात हृदय अधिक ठोके देऊन थोडी भरपाई करते, म्हणून तर जिना चढताना छाती धडधडते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शंभरात ५४ जणी रक्तक्षयी आढळल्या. स्त्रीला १२ ग्रॅम तरी असावे असा दंडक आहे. मागच्या वर्षी तपासणी शिबिरात माझे भरले दहा. शेजारी रांगेत उभ्या असलेल्या मैत्रिणीचे त्याहूनही कमी. आम्ही दोघी पळण्यात मागे पडतो ते मन लागत नाही म्हणून, असे सांगणाऱ्यांना मी हा भागाकार दाखवू इच्छिते. लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात. त्या चहाबरोबर घेऊ नयेत, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही. आमच्याकडे दिवसातून चार वेळा चहा होतो आणि गोळी नेमकी त्यावरच घेतली जाते. चुलीचा धूर आणि मिश्री हेही याच खात्यात मांडले पाहिजेत. धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट हिमोग्लोबिनला चिकटतो. म्हणजे आधीच कमी असलेल्या गाडीत जागा भलत्यानेच अडवली.

दुसरी गोष्ट जागेची. मुलगी सातवी-आठवीपर्यंत खो-खो खेळते, लंगडी खेळते, शाळेत पळत जाते. मग एके दिवशी ते बंद होते. कुणी मनाई केलेली नसते; फक्त तेव्हापासून ती पळताना लोक तिच्याकडे पाहू लागतात. माझी धाकटी बहीण तालुक्याच्या खो-खो स्पर्धेत खेळलेली. दहावीनंतर तिचे पळणे म्हणजे एस. टी. पकडण्यापुरते. भरावावर मुले टोळीने पळतात, मुलगी एकटी पळाली तर दुसऱ्या दिवशी घरी निरोप येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणे भारतात पुरेशी हालचाल न करणारे पुरुष शंभरात ४२, तर स्त्रिया ५७. हा फरक मला तरी रक्ताचा वाटत नाही.

येथे कुणी विचारील, की खेड्यातल्या बाईला कसला व्यायाम हवा, ती दिवसभर राबतेच की. यावर मी बराच विचार केला. ऊसतोडीच्या बाया डोक्यावर मोळी घेऊन अरुंद फळीवरून ट्रॉलीवर चढतात. ते पाहून कुणाचीही छाती दडपेल. पण दमसास वाढायला हृदयाला काही काळ वेगाने पळावे लागते, मग विसावा आणि पोटभर अन्न लागते. वाकून दहा तास केलेली खुरपणी पाठ मोडते, हृदयाला मात्र ना पुरते पळवते ना पुरता विसावा देते. अलीकडचे संशोधक मजुरीचे श्रम आणि फुरसतीचा व्यायाम यांत असाच भेद करतात. शिवाय तो राबणारा गावही आता पूर्वीचा नाही. ठिबक आले, मोटार मोबाईलवरून चालू होते, शाळेला गाडी आली. आप्पा पाच किलोमीटर चालत शाळेला जात. त्यांचा मुलगा शेताच्या बांधापर्यंत मोटारसायकल नेतो. लंडनमध्ये १९५३ साली जेरी मॉरिस यांनी दाखवून दिले, की दुमजली बसच्या जिन्यावर दिवसभर चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो. आमचा गाव पन्नास वर्षांत सबंधच्या सबंध कंडक्टरच्या जागेवरून ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसला आहे. सोय झाली, ती मला हवीच आहे. पाणी वाहून आणण्यात कसलेही काव्य नव्हते. फक्त जे पाय आपोआप चालत होते ते आता ठरवून चालवावे लागणार, इतकेच.

हे सगळे विशीतच का पाहायचे? अमेरिकेत १९८५-८६ मध्ये १८ ते ३० वयाच्या पाच हजारांहून अधिक तरुणांना चालत्या पट्ट्यावर पळवून त्यांचा दम मोजला आणि पुढे वर्षानुवर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. पंधरा वर्षांनी पाहिले, तर ज्यांचा दम सुरुवातीला सर्वांत कमी होता त्यांना मधुमेह आणि रक्तदाब जडण्याचे प्रमाण दमदारांच्या तिप्पट ते सहापट निघाले. वजनाचा हिशेब वेगळा काढल्यावर हा फरक दुपटीवर आला, पण उरला. आपल्या साखर कारखान्यांच्या पट्ट्यात चाळिशीतच साखरेचा आजार झालेली माणसे प्रत्येक आळीत आहेत. त्यांच्या विशीत कुणी त्यांची नाडी मोजली नव्हती.

आपली नाडी मोजायची साधी रीत हार्वर्ड विद्यापीठात १९४३ मध्ये निघाली. मुलांसाठी वीस इंच, मुलींसाठी सोळा इंच उंचीचा बाक घ्यावा. मिनिटाला तीस वेळा चढावे-उतरावे, पाच मिनिटे. अगदीच थकवा आला तर आधी थांबावे, पण किती सेकंद झाले ते लिहून ठेवावे. मग बसून पहिले मिनिट जाऊ द्यावे आणि पुढचे अर्धे मिनिट ठोके मोजावे. दोन मिनिटांनंतर आणि तीन मिनिटांनंतर पुन्हा तसेच अर्धा-अर्धा मिनिट. तिन्ही आकड्यांची बेरीज करून दुप्पट करावी आणि तिने सेकंदांच्या शंभरपटीला भागावे. उत्तर ५५ च्या खाली आले तर दमसास कमी, ८० च्या वर चांगला, ९० च्या वर उत्तम. पहिल्या वेळी मी चार मिनिटांतच थांबले. ठोक्यांची बेरीज १९० आली, उत्तर ६३. गोळ्या आणि पहाटेचे पळणे सुरू करून साडेतीन महिने झाल्यावर पाचही मिनिटे टिकले; बेरीज २०४, उत्तर साडेत्र्याहत्तर. हिमोग्लोबिनही साडेअकरावर आले आहे.

शेवटी प्राध्यापकवर्गाला एक विनंती. आमची इंदापूरकडची गाडी पावणेआठला स्थानकात येते आणि तासिका दहाला सुरू होतात. मधले दोन तास आम्ही मुली वाचनालयाच्या ओसरीत बसून काढतो, कारण मैदानावर तेव्हा मुलांचे क्रिकेट आणि भरतीचा सराव चालू असतो. आठ ते नऊ हा एक तास मैदान मुलींसाठी राखून ठेवता आला, तर पंधरा-वीस जणी लगेच येतील. नावांची यादी माझ्याकडे तयार आहे. दरम्यान ज्यांना नाडीची चाचणी करून पाहायची असेल, त्यांच्यासाठी सोळा इंचांचा बाक सरांनी शारीरिक शिक्षण विभागाच्या खोलीत ठेवला आहे. सेकंदकाट्याचे घड्याळ मात्र ज्याचे त्याने आणावे. तिथले भिंतीवरचे बंद आहे.